थेरपी सुरू करायची आहे, पण पहिला फोन कुणाला आणि कसा करायचा?

मी एका मानसोपचार केंद्राच्या काउंटरवर बसते. अपॉइंटमेंट देणं, पावत्या करणं आणि फोन उचलणं ही माझी कामं. नवीन माणसाचा फोन पहिल्या वाक्यातच ओळखू येतो, कारण तो बहुतेक वेळा ‘फी किती?’ असं विचारतो. दर वेळी पैशांचीच काळजी असते असं नाही. त्या क्षणी तोंडातून निघू शकेल असा तोच एक प्रश्न असतो. फी सांगितली की ‘बरं, कळवतो’ म्हणून फोन ठेवला जातो. काहीजण महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा करतात, काही करतच नाहीत.

हा लेख त्या ‘कळवतो’वाल्यांसाठी आहे. मी थेरपिस्ट नाही, त्यामुळे दाराआड काय होतं ते मी फक्त ऐकून जाणते. दारापर्यंत येताना माणसं कुठे अडखळतात ते मात्र रोज बघते. बहुतेकजण पहिल्या फोनलाच अडतात, कारण तो केला म्हणजे ‘आपल्याला काहीतरी झालंय’ हे कबूल केलं असं त्यांना वाटतं. तसं काही नसतं. तो फोन म्हणजे चौकशी. पहिलं सेशनसुद्धा बऱ्यापैकी चौकशीच असतं आणि ती दोन्ही बाजूंनी चालते.

थांबायचं नाही अशी परिस्थिती

पुढचं सगळं निवांत वाचायचं आहे, म्हणून हे आधी. जीव द्यायचे विचार येत असतील, त्यातही कसं आणि केव्हा इथपर्यंत डोक्यात ठरत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. ‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारची हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. नंबर १४४१६. दिवसरात्र, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. धोका अगदी समोर असेल तर ११२ किंवा १०८ फिरवा, नाहीतर जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. घरातल्या कुणाला तरी सांगून गोळ्यांचा साठा, शेतावर असाल तर फवारणीचं औषध, हाताशी राहणार नाही असं बघा. हे साधं वाटतं, पण त्या एका रात्रीपुरतं ते फार मोठं काम करतं.

‘पोलीस केस होईल’ या भीतीने डॉक्टरांपासून खरं कारण लपवलं जातं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं, उलट सिद्ध झालं नाही तोवर तिला शिक्षा होत नाही. पोटात नेमकं काय गेलंय हे डॉक्टरांना खरं कळणं जास्त गरजेचं आहे.

कित्येक रात्री झोप नाही तरी माणूस थकत नाही, सुसाट बोलतोय, भरमसाट खर्च करतोय. किंवा कुणी नसताना आवाज ऐकू येतात, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात अशी खात्री झालीये, तेव्हाही समुपदेशन शोधत बसू नका. थेट मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर गाठा.

‘एवढं काय झालंय मला?’

हा प्रश्न लोक मलाच विचारतात. मी काय सांगणार? पण आमच्या थेरपिस्ट ज्यावर बोट ठेवतात ते सांगते. झोप, भूक, काम आणि माणसं, या चारांपैकी किती ठिकाणी बिघडलंय आणि किती दिवसांपासून? दोन आठवडे उलटून गेले आणि पहाटे तीनला उघडलेला डोळा मिटत नाही, डबा तसाच परत येतो, मित्राचा फोन वाजतोय आणि आपण स्क्रीनकडे बघत बसतो, असं असेल तर जायला तेवढं कारण पुरेसं आहे.

स्वतःच चाचपायचं असेल तर ‘पीएचक्यू-९’ नावाची छोटी प्रश्नावली आहे, मराठीतही मिळते. नऊ प्रश्न, सगळे गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे, गुण ० ते २७. दहा किंवा त्याहून जास्त आले तर तज्ज्ञाला दाखवावं असं साधारण मानतात. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर ‘कधीच नाही’ यापेक्षा वेगळं आलं तर बाकीची बेरीज कितीही असो, बोलायला जा. ही प्रश्नावली निदान करत नाही. पण ‘मला कसंतरीच होतंय’ यापेक्षा हातात कागद असला की बोलणं सोपं जातं.

आजार असलाच पाहिजे अशीही अट नाही. लग्न मोडायचं की निभावायचं, आईच्या स्मृतिभ्रंशाने दमून गेलेली मुलगी, एमपीएससीचा चौथा प्रयत्न हुकलेला मुलगा, मूल होत नाही म्हणून प्रत्येक बारशाला जायचं टाळणारं जोडपं. आमच्या बाकावर अशीच माणसं जास्त असतात. सिनेमात दाखवतात तसं तिथे काही नसतं. कुणी मोबाइलवर क्रिकेट बघत असतं, कुणी भाजीची पिशवी घेऊनच आलेलं असतं.

एक काम मात्र आधी उरकून घ्या: फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासा. थायरॉइड कमी झालं किंवा बी-१२ घसरलं की येणारी मरगळ बाहेरून नैराश्यासारखीच दिसते, आणि शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं काही नवलाचं नाही. त्याच भेटीत डॉक्टरांना मनातलंही सांगून टाका. चिठ्ठी देऊन नेमक्या माणसाकडे पाठवणारे ते पहिले असू शकतात.

पाटी वाचताना

इथे खरा गोंधळ आहे, म्हणून जरा थांबून सांगते. पाटीवर काय लिहिलंय त्यापेक्षा नावाखालची पदवी वाचा.

एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले ते सायकियाट्रिस्ट. ते डॉक्टर आहेत, औषधं लिहितात, आणि त्यांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे मानसशास्त्रात एमए किंवा एमएस्सी करून वर रुग्णालयातल्या प्रशिक्षणासह एमफिल किंवा त्या तोडीचा अभ्यासक्रम केलेले. त्यांची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे आरसीआयकडे असते. हे चाचण्या घेतात, निदानात मदत करतात, थेरपी देतात. गोळ्या लिहून देत नाहीत. तिसरे समुपदेशक. यात समुपदेशन मानसशास्त्रात एमए केलेले उत्तम लोक आहेत, आणि सहा आठवड्यांचं ऑनलाइन सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलेही आहेत. समुपदेशक आणि इतर मानसशास्त्रज्ञांसाठी २०२१ मध्ये केंद्राने वेगळा कायदा केला खरा, पण त्यांच्या नोंदणीची घडी अजून बसते आहे. तोवर चौकशीची जबाबदारी आपलीच.

विचारायला संकोचू नका. ‘मॅडमचं शिक्षण काय? आरसीआयचा नंबर आहे का? नसेल तर एमए कशात, आणि त्या कुणाच्या मार्गदर्शनाखाली काम करतात?’ हे प्रश्न मला फोनवर विचारले गेले तर मला राग येत नाही, उलट बरं वाटतं. आरसीआय नोंदणी त्यांच्या संकेतस्थळावर नावाने शोधताही येते. शिक्षण सांगायला जिथे टाळाटाळ होते तिथून मागे फिरा. वीस सेशन्सचे पैसे आधीच भरून घेणारे, ‘पाच बैठकांत शंभर टक्के गुण’ म्हणणारे, मागच्या जन्माची कारणं काढणारे, थेरपीच्या जोडीला रत्न किंवा तेल विकणारे, सगळे याच रांगेत. समलैंगिक मुलाला ‘बदलून’ देतो म्हणणाऱ्याच्या तर वाऱ्यालाही उभं राहू नका. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांच्या बाबतीत ते व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे.

मग आधी कुणाकडे? रोजची कामं कशीबशी का होईना चालू असतील आणि बोलून मोकळं व्हायचं, समजून घ्यायचं असेल तर सायकॉलॉजिस्टकडे. झोप-भूक पार गेली असेल, अंथरुणातून उठवत नसेल, घरात कुणाला बायपोलर (अतिउत्साह आणि नैराश्य यांचे टोकाचे झोके) किंवा स्किझोफ्रेनिया (भास-संशयाचा आजार) असेल तर आधी सायकियाट्रिस्टकडे. चुकीच्या दारात गेलात तरी बिघडत नाही, चांगला माणूस दुसऱ्याकडे पाठवतो. आमच्याकडे कितीतरी जणांचं दोन्ही बरोबरीने चालतं. गोळ्यांची धास्ती बहुतेकांना असते, ‘एकदा लागल्या की सुटत नाहीत’ म्हणून. ती धास्ती डॉक्टरांनाच बोलून दाखवा. आणि घेत असाल तर बरं वाटायला लागल्यावर मनाने बंद करू नका. अनेक औषधं हळूहळू कमी करावी लागतात.

दारूचा किंवा इतर व्यसनाचा भाग मोठा असेल तर सरळ व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्यांकडे जा. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतंय. ते घरच्यांनाही बरोबर घेतात, आणि यात घरच्यांना त्याची गरज असतेच.

शोधायचं कुठे, पैसे किती

खिशाला परवडत नसेल तर थेरपी आपल्यासाठी नाही असं ठरवून टाकू नका. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाची ओपीडी असते, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक असतं. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे आणि पुण्यात ससून इथे केसपेपर काढून थेट दाखवता येतं. गर्दी असते, डॉक्टर घाईत असतात, आणि तासभर बोलायला मिळेलच असं नाही. पण तिथे सायकॉलॉजिस्टही असतात, म्हणून ‘मला समुपदेशन हवंय’ हे शब्द स्पष्ट उच्चारा, नाहीतर गोळ्या घेऊन बाहेर याल. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही ओपीडी चालते. नाव ऐकूनच लोक बिचकतात. ओपीडीत दाखवायला गेलं म्हणून कुणी दाखल करून घेत नाही. गोव्यातल्यांसाठी बांबोळीचं सरकारी मनोरुग्णालय, आयपीएचबी आहे.

संस्थांमध्ये ठाण्याची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ, म्हणजे आयपीएच, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये उभी केली. तिथे मराठीतून सगळं काम चालतं. टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ सेवा फोनवर आणि ईमेलवर समुपदेशन देते. गावात कुणी नसेल किंवा चेहरा दाखवायची तयारी नसेल तर सुरुवात तिथून करायला हरकत नाही. कॉलेजात असाल तर समुपदेशक आहे का ते बघा. आयटीत किंवा बँकेत असाल तर एचआरच्या जुन्या मेलमध्ये ‘एम्प्लॉयी असिस्टन्स’ अशा नावाखाली काही मोफत सेशन्स पडून असण्याची शक्यता आहे. ती बाहेरची कंपनी घेते. तुमचं नाव एचआरला कळतं की नाही, हे पहिल्याच फोनला विचारून घ्या.

खासगीत पुण्या-मुंबईत एका सेशनला साधारण हजार ते अडीच हजार रुपये पडतात, नामवंतांकडे आणखी जास्त, लहान शहरांत कमी. दर आठवड्याला एक धरलं तर महिन्याचा आकडा डोळ्यांसमोर येतो आणि माणूस फोन ठेवतो. म्हणून विचारा: ‘फीमध्ये सवलत मिळते का?’ बरेच थेरपिस्ट काही अपॉइंटमेंट कमी फीसाठी राखून ठेवतात, पण पाटीवर ते लिहीत नाहीत. शिकाऊ थेरपिस्ट वरिष्ठांच्या देखरेखीखाली कमी पैशांत काम करतात, तोही रस्ता वाईट नाही. सुरुवातीचे काही आठवडे झाले की पंधरा दिवसांतून एकदा यायचं ठरवता येतं.

विम्याचं थोडक्यात. २०१७ च्या कायद्याने शारीरिक आजारांसारखंच मानसिक आजारांनाही विमासंरक्षण द्यायला सांगितलंय. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरचाच खर्च देतात. आठवड्याच्या सेशन्सचे पैसे हवेत तर पॉलिसीत ओपीडीचा भाग असावा लागतो.

परदेशातल्या वाचकांसाठी दोन ओळी, कारण रात्री उशिरा येणारे आमचे बरेच ईमेल तुमचेच असतात. अमेरिकेत थेरपिस्टचा परवाना राज्यागणिक असतो, त्यामुळे टेक्सासमध्ये राहत असाल तर साधारणपणे तिथे परवाना असलेला शोधावा लागतो. इंग्लंडमध्ये ‘एनएचएस टॉकिंग थेरपीज’ या सरकारी सेवेकडे जीपीच्या, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरांच्या, चिठ्ठीशिवाय स्वतःच अर्ज करता येतो, पैसे पडत नाहीत आणि दुभाषी मागता येतो. भारतातल्या थेरपिस्टशी ऑनलाइन बोलायचं असेल तर ‘मी अमुक देशात राहतो, चालेल का?’ हे आधी विचारा, आणि रात्रीअपरात्री गरज पडली तर तिथला कुठला नंबर लावायचा ते लिहून ठेवा.

फोन, किंवा मेसेज

फोनवर आवाज कापतो, शेजारच्या खोलीत कुणीतरी असतं. मेसेज करा. हा तसाच्या तसा उचलला तरी चालेल:

‘नमस्कार. मला स्वतःसाठी थेरपीची चौकशी करायची आहे. दोन-तीन महिने झोप लागत नाही आणि कामात लक्ष नाही. संध्याकाळी सहानंतरची किंवा शनिवारची वेळ मिळेल का? फी किती, आणि ऑनलाइन शक्य आहे का? कृपया फोन न करता मेसेजवरच कळवा.’

एवढं पुरतं. गोष्ट पूर्ण सांगायची नाही, ती माझ्यासाठी नसतेच. काउंटरवरच्या माणसाने खोदून विचारलं तर ‘ते मी मॅडमना सांगेन’ म्हणा. ‘मित्रासाठी विचारतोय’ म्हणालात तरी चालतं, आम्ही त्या मित्राला वेळ देतो.

याच टप्प्यावर हे विचारून घ्या:

- सेशन किती मिनिटांचं? सहसा ४५ ते ६० मिनिटं असतात.
- आयत्या वेळी रद्द केलं तर पैसे पडतात का? बऱ्याच ठिकाणी २४ तास आधी कळवावं लागतं.
- पावतीवर काय लिहिता? मेसेज कुठल्या नावाने येतात?
- बाई थेरपिस्ट हवी किंवा पुरुष हवा, असं सांगता येईल का? येतं. बिनधास्त सांगा.
- थेरपिस्ट मराठीत बोलतात का?

शेवटच्या प्रश्नाला लोक दुय्यम समजतात. माझा सल्ला असा, की ज्या भाषेत तुम्ही घरी भांडता त्या भाषेचा थेरपिस्ट शोधा. इंग्रजीत ‘मला अँक्झायटी आहे’ म्हणून होतं पटकन, पण वडील नेमकं काय बोलले ते सांगायला वऱ्हाडी किंवा मालवणीच लागते.

वेळ मिळायला आठवडा-दोन आठवडे लागतील. रद्द झालेली वेळ आली तर कळवा असं सांगून ठेवा. आमच्याकडे तशी यादी असते आणि ती वापरली जाते.

घरी सांगायचं का?

सज्ञान माणसाला कुणाच्या परवानगीची गरज नाही. अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची संमती लागते. कायद्याचं उत्तर एवढंच. घरातलं उत्तर अवघड असतं. जॉइंट अकाउंटवरून यूपीआय केलं की नवऱ्याला दिसतं, सासूबाई ‘आज परत कुठे?’ विचारतात. सगळ्यांना सांगायची घाई नको, पण एका माणसाला सांगा. बहीण, मैत्रीण, ऑफिसातला कुणी. पहिल्या दिवशी सोबत आलं तर उत्तम, बाहेर बाकावर बसू दे. ‘वेड लागलंय का तुला?’ असं कुणी म्हणालंच तर वाद घालू नका. ‘झोप लागत नाही, त्यासाठी जातेय’ एवढं उत्तर बहुतेक घरांत खपतं, आणि ते खोटंही नसतं.

ऑनलाइन सेशनची खरी अडचण इंटरनेटची नसते, वन रूम किचनमध्ये एकटं बसायला जागा नसते. लोक गच्चीवर जातात, पार्किंगमधल्या गाडीत बसतात, एकजण सुट्टीच्या दिवशी रिकाम्या ऑफिसात जाऊन बोलायचा. इअरफोन लावा, आणि कुणी आलं तर बोलणं बदलायचा एक ठरलेला शब्द थेरपिस्टला सांगून ठेवा.

पहिलं सेशन

दहा मिनिटं आधी या. एक फॉर्म भरावा लागतो: नाव, वय, चालू औषधं, आधीचे उपचार, आणि तातडीच्या वेळी कुणाला फोन करायचा. या शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबतात. तो नंबर फक्त जिवाला धोका वाटला तरच वापरला जातो. तुम्ही आलात की नाही हे सांगायला आम्ही तिथे फोन करत नाही, आणि ‘माझी बायको आलीये का तिथे?’ असा फोन आला तरी उत्तर देत नाही.

गोपनीयतेला कायद्याचा आधार आहे, त्याच २०१७ च्या कायद्याचं कलम २३. तिला अपवादही आहेत आणि चांगला थेरपिस्ट ते सुरुवातीलाच सांगतो: तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल तर, न्यायालयाने मागितलं तर, आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर. शेवटच्या बाबतीत पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. त्यांनी सांगितलं नाही तर तुम्ही विचारा.

बरोबर काय आणायचं? जुन्या चिठ्ठ्या, गोळ्यांची नावं, रक्ताचे रिपोर्ट, आणि मोबाइलमध्ये लिहिलेल्या चार ओळी. सगळ्यात जास्त त्रास कशाचा, केव्हापासून, त्या सुमारास काय घडलं होतं, आणि काय बदललं तर ‘आलो ते बरं झालं’ वाटेल. आत गेल्यावर डोकं रिकामं होतं, मग या ओळी वाचून दाखवल्या तरी चालतात.

आत बहुतेक वेळा थेरपिस्ट विचारतात आणि तुम्ही सांगता. घरी कोण कोण, बालपण, काम, झोप. रडू आलं तर येऊ द्या, टेबलावर टिश्यूचा डबा त्यासाठीच असतो. तो मीच भरते आणि तो लवकर संपतो. काही सांगायचं नसेल तर ‘यावर आज नको’ म्हणता येतं. ‘मी काय करू ते सांगा’ याला सरळ उत्तर मिळत नाही, आणि त्यावर लोक बाहेर येऊन माझ्याकडे तक्रार करतात. नोकरी सोडा किंवा नवऱ्याला सोडा असं फटकन सांगणारा थेरपिस्ट असेल तर उलट मला काळजी वाटेल.

सेशन संपल्यावर हलकं वाटेल किंवा जास्तच जड वाटेल, दोन्ही होतं. लगेच पुढच्या तासाला मीटिंग ठेवू नका. चहा प्या, थोडं चाला.

थेरपीचे प्रकार बरेच आहेत, त्यांचा अभ्यास करून येण्याची गरज नाही. तरी एक नाव मराठी माणसाच्या कानावर पडतं, ते विवेकनिष्ठ मानसोपचाराचं. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास ही पद्धत मांडली, आणि आपल्याकडे ती रुजवण्यात कि. मो. फडके यांचा मोठा वाटा. यात आणि सीबीटीत, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलण्यावर भर देणाऱ्या थेरपीत, घरचा अभ्यास असतो. वहीत तीन रकाने आखायचे: काय घडलं, मनात काय आलं, आणि त्याने काय झालं. एका मैत्रिणीने मला तिचं पान दाखवलं होतं. पहिल्या रकान्यात: ‘सासूबाई फोनवर नुसतं “बरं” म्हणाल्या.’ दुसऱ्यात: ‘त्या चिडल्यात, माझंच काहीतरी चुकलं, आता दिवाळीत बोलणार नाहीत.’ तिसऱ्यात: ‘छातीत धडधड, जेवण नको.’ पुढच्या सेशनमध्ये तिने आणि तिच्या थेरपिस्टने सगळा वेळ मधल्या रकान्यावरच घालवला. सासूबाईंच्या समोर दुधावर साय येत होती म्हणून त्यांनी फोन आवरता घेतला होता, हे तिला नंतर कळलं. पण कळलं नसतं तरी अभ्यास तोच राहिला असता.

जुळलं नाही तर

एका सेशनवरून ठरवू नका, तीन-चार होऊ द्या. तेवढ्यात पूर्ण बरं वाटणार नाही. चिंता किंवा नैराश्यासाठी सीबीटीची १२ ते २० सेशन्स साधारण धरतात, जुन्या जखमांना त्याहून वेळ लागतो. पण हा माणूस माझं ऐकतोय, मागच्या वेळचं लक्षात ठेवतोय, आम्ही कशावर काम करतोय हे मला कळतंय, एवढं तिसऱ्या-चौथ्या वेळी वाटायला हवं.

नुसतं जुळत नसेल तर त्यांनाच सांगा. ‘मला वाटतंय आपलं नीट चाललं नाहीये’ हे वाक्य थेरपिस्टना नवं नसतं. कधी पद्धत बदलते, कधी तेच दुसरं नाव सुचवतात. तोंडावर सांगवत नसेल तर काउंटरवर सांगा, दुसऱ्या थेरपिस्टची वेळ लावून देणं हे आमचं नेहमीचं काम आहे. जात, धर्म, लग्न यांवरून उपदेश झाला, सेशनमध्ये त्यांचाच फोन वाजत राहिला, नको तिथे स्पर्श झाला किंवा बाहेर भेटायचा आग्रह झाला, तर मात्र समजावत बसू नका. उठून या. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची तक्रार आरसीआयकडे करता येते, डॉक्टरांची मेडिकल कौन्सिलकडे.

जुळलं, बरं वाटायला लागलं, की लोक कळवायचं विसरतात आणि यायचे बंद होतात. एक शेवटचं सेशन मुद्दाम घ्या. परत त्रास सुरू झाला तर आधी काय दिसेल आणि तेव्हा काय करायचं, हे त्यात लिहून मिळतं. पुन्हा यावं लागलं तर नोंदणीला फक्त जुना मोबाइल नंबर सांगायचा. फाइल कपाटातच असते, त्यामुळे पहिल्यापासून सगळं सांगावं लागत नाही.